चार पर्याय, १,८२० वाटा

इंग्लंडची लोकसंख्या पावणेसहा कोटींच्या घरात आहे आणि एवढ्या लोकांसाठी दंतवैद्यक शिकायला सरकारने दर वर्षी ठरवून दिलेल्या जागा आहेत ८०९. भागाकार करून पाहा. सत्तर हजारांहून जास्त माणसांमागे वर्षाला एक विद्यार्थी. आपल्याकडे बीडीएसच्या जागा सत्तावीस-अठ्ठावीस हजार आणि लोकसंख्या १४० कोटींच्या वर, तेव्हा हाच भागाकार पन्नास हजारांच्या आसपास येतो. म्हणजे माणसांच्या मानाने पाहिलं तर डेंटिस्ट घडवायला इंग्लंडपेक्षा भारत जास्त मुलं घेतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तो भागाकार पुन्हा करून पाहिला होता.

८०९ हा आकडा कुठून आला, हेही पाहण्यासारखं आहे. २००४ मध्ये सरकारी आरोग्यसेवेला, म्हणजे एनएचएसला, डेंटिस्ट मिळेनासे झाले म्हणून इंग्लंडमध्ये १७० जागा वाढवायचं ठरलं. एकूण जागा नऊशेच्या आसपास गेल्या. दहा वर्षांनी अंदाज बदलला, डेंटिस्ट गरजेपेक्षा जास्त होतील असं तज्ज्ञ सांगू लागले आणि दहा टक्के कपात झाली. नऊशेच्या आसपासच्या जागांतल्या नव्वद गेल्या, ८०९ उरल्या. कोविडच्या काळात २०२० आणि २०२१ मध्ये ही मर्यादा तात्पुरती सैल केली होती, मग पुन्हा आवळली. जून २०२३ च्या एनएचएसच्या मनुष्यबळ आराखड्यात २०३१-३२ पर्यंत ११०० जागांचं उद्दिष्ट लिहिलं गेलं होतं. पण कापलेल्या नव्वद जागा दहा वर्षांत नऊशे न झालेले डेंटिस्ट होतात. आज ब्रिटनमध्ये नोंदणी असलेल्या डेंटिस्टांपैकी चारांत किमान एक माणूस परदेशात शिकून आलेला आहे, त्यामागे हा हिशेबही आहे.

या ८०९ मधल्या बहुतेक जागांवर अठरा वर्षांची मुलं बसतात. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच बारावीनंतर, म्हणजे ए-लेव्हलनंतर, थेट पाच वर्षांच्या बीडीएसला जाता येतं. पण दर वर्षी आणखी एक गट दार ठोठावत असतो. बायोमेडिकल सायन्स, फार्मसी, बायोकेमिस्ट्री अशी पदवी हातात असलेले, एकवीस-बावीस वर्षांचे किंवा त्याहूनही मोठे उमेदवार. काहींची अठराव्या वर्षी संधी थोडक्यात हुकलेली असते, काहींना हा रस्ता उशिरा दिसलेला असतो. तिथल्या मराठी घरांत अशी मुलंमुली आता बरीच भेटतात. माझी भाची त्यांतलीच एक.

पदवीधरांना वाटा दोन. शाळेतून आलेल्या मुलांबरोबर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसायचं, किंवा खास पदवीधरांसाठीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचं. ही चार वर्षांची वाट त्या टंचाईच्या काळातच रुंदावली. २००७ मध्ये प्लिमथच्या बाजूचं पेनिन्सुला आणि प्रेस्टनचं सेंट्रल लँकाशर, २००८ मध्ये स्कॉटलंडमधलं ॲबरडीन. तिन्ही पदवीधरांसाठी म्हणूनच उघडली होती. पुढे प्लिमथने पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करून शाळेतल्या मुलांनाही घेतलं आणि पदवीधरांची एक मोठी जागा लहान झाली. चार वर्षांची सोय आता बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी आहे आणि तिथल्या जागा दहा, वीस अशा हिशेबातल्या.

आता शक्यतेचा प्रश्न. भाचीने मला विचारलं होतं, "मामा, तिथं एका जागेमागे दहा अर्ज येतात म्हणे. म्हणजे माझे चान्सेस दहा टक्केच ना?" हा प्रश्न अगदी साधा आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे समजून घेण्यात सगळी गंमत आहे.

आपल्या डोळ्यांसमोर वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा असते. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलांनी ती दिली. सगळी एकाच रांगेत उभी राहिली, प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. पुढे कॅप राउंड, कट-ऑफ, आणि ज्याचा क्रमांक वर त्याला आधी जागा. ब्रिटनमध्ये अशी रांगच नाही. देशभरात सोळा डेंटल स्कूल आहेत आणि प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. कुणी ए-लेव्हलचे गुण आधी पाहतं, कुणी प्रवेश परीक्षेचे, कुणी दोन्ही मिळवून स्वतःचं गणित मांडतं. त्यामुळे एकच उमेदवार एका ठिकाणी पहिल्या पन्नासात असतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्ज कुणी उघडतही नाही. 'माझे चान्सेस किती' याला एक आकडा नसतोच, सोळा वेगवेगळे आकडे असतात.

शिवाय युकासच्या, म्हणजे तिथल्या सामाईक प्रवेश सेवेच्या, अर्जात दंतवैद्यकासाठी चारच पर्याय भरता येतात. या 'चार'ने दहाचा अर्थच बदलतो. समजा प्रत्येक ठिकाणी एका जागेमागे दहा अर्ज आले. पण प्रत्येक उमेदवाराने चार ठिकाणी अर्ज केलेला आहे. म्हणजे एका जागेमागे माणसं दहा नाहीत, अडीच आहेत. एकास दहा ऐकून छाती दडपते, एकास अडीच ऐकून माणूस कामाला लागतो, आणि दोन्ही आकडे एकाच परिस्थितीचे. त्यात भर म्हणजे सत्तर जागा असलेलं कॉलेज सत्तरच ऑफर देत नाही. निवड झालेल्यांपैकी काही जण दुसरीकडे जाणार हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ऑफर जास्त जातात. अर्ज भागिले जागा हा सर्वांत सोपा भागाकार आहे आणि सर्वांत दिशाभूल करणाराही.

पण पदवीधराने लगेच हरखून जाऊ नये. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या जागाच इतक्या कमी की तिथे हेच गणित उलट्या बाजूने चालतं. दहा जागांवर चारशे अर्ज आले असं धरा, तर अर्जामागे अडीच टक्के. आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात काही ठिकाणी पदवीधरांना मुळात घेतच नाहीत किंवा मोजकेच घेतात, हे एकूण आकडेवारीत कुठेच दिसत नाही.

मी भाचीला कागदावर एक हिशेब मांडून दाखवला होता. आकडे काल्पनिक, पण रचना खरी. समजा एखाद्या ठिकाणी शंभर पदवीधरांनी अर्ज केले. त्यांतल्या चाळीस जणांची पात्रताच अपुरी निघाली. उरले साठ. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर त्यांतल्या पंचवीस जणांना इंटरव्ह्यूला बोलावलं आणि दहा जणांना ऑफर मिळाली. शंभरात दहा, दहा टक्के. आता ज्याची पात्रता पूर्ण आहे त्याच्यासाठी ते साठात दहा झाले, जवळजवळ सतरा टक्के. ज्याचे गुण इंटरव्ह्यूच्या रेषेच्या वर आहेत त्याच्यासाठी पंचविसात दहा, चाळीस टक्के. माणूस तोच, काही नवीन केलेलं नाही. फक्त स्वतःबद्दल जे आधीच ठाऊक आहे ते हिशेबात धरलं आणि दहाचे चाळीस झाले. आणि जो पात्रता अपुरी निघालेल्या त्या चाळीस जणांत मोडतो त्याचे दहा टक्के कधीच नव्हते, त्याचं उत्तर पहिल्यापासून शून्य होतं.

पदवीधराच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे, कारण अर्ज करताना त्याच्याबद्दलच्या बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. ए-लेव्हलचे गुण कधीचे लागलेत, पदवीचा वर्ग बहुधा हाती आहे. त्यातही एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. बहुतेक ठिकाणी पदवीची अट असते 'टू-वन', म्हणजे उच्च द्वितीय वर्ग. ऐकायला ती कडक वाटते. पण ब्रिटनमध्ये हल्ली चार पदवीधरांतल्या तिघांकडे टू-वन किंवा त्याहून वरचा वर्ग असतो, आणि सुमारे तीस टक्क्यांकडे पहिला वर्ग. म्हणजे ही अट फारसं कुणाला अडवतच नाही. खरी अडवणूक करते ती चार-पाच वर्षांपूर्वीची मार्कशीट. पदवी कितीही चांगली असली तरी काही कॉलेजं ए-लेव्हलमधले रसायनशास्त्राचे आणि जीवशास्त्राचे गुण पाहतातच. अठराव्या वर्षीचा एक 'सी' बाविसाव्या वर्षी काही दारं बंद करतो आणि काही दारांना त्याचं काहीच वाटत नाही.

आता यूकॅट. वैद्यक आणि दंतवैद्यक या दोन्हींसाठीची ही सामाईक परीक्षा उन्हाळ्यात होते, वर्षातून एकदाच देता येते आणि तिचे गुण तेवढ्याच वर्षापुरते चालतात. २०२५ पासून तिच्यात चार भाग आहेत. एकूण १८४ प्रश्न, १११ मिनिटं. पहिला भाग उताऱ्यांचा. अकरा उतारे, प्रत्येकावर चार प्रश्न, वेळ २२ मिनिटं. म्हणजे उतारा वाचायचा, समजून घ्यायचा आणि चारही प्रश्न सोडवायचे, हे सगळं दोन मिनिटांत. एका प्रश्नाला ३० सेकंद. गणिताच्या भागात ३६ प्रश्नांना २६ मिनिटं, प्रश्नामागे ४३ सेकंद. शेवटच्या, प्रसंगात काय कराल असं विचारणाऱ्या भागात ६९ प्रश्नांना २६ मिनिटं, प्रश्नामागे २३ सेकंदही नाहीत. २०२४ पर्यंत आकृत्यांचा एक भाग होता त्यात ५० प्रश्नांना १२ मिनिटं मिळायची, प्रश्नामागे साडेचौदा सेकंदही नाही. तो भाग काढून टाकला हे मला मनापासून बरं वाटलं. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. वेळ संपत आली आणि चार पर्यायांचे दहा प्रश्न उरले असतील तर डोळे मिटून खुणा केल्या तरी निदान एक बरोबर येण्याची शक्यता ९४ टक्के आहे. नीटच्या उणे गुणांची सवय असलेल्या आपल्या मुलांचा हात तिथे उगाच आखडतो.

गुण कसे मिळतात ते पाहिलं की डोकं खरोखर गरगरतं. प्रसंगांच्या भागाला गुणांऐवजी पट्टा मिळतो, उरलेल्या तीन भागांना प्रत्येकी ३०० ते ९०० गुण, दहाच्या पटीत. बेरीज ९०० ते २७००. म्हणजे शक्य असलेले निरनिराळे निकाल फक्त १८१. हा १८१ पायऱ्यांचा एक जिना आहे आणि २०२५ मध्ये त्याच्यावर ४१ हजारांहून जास्त उमेदवार उभे होते. सरासरी काढली तर एकेका पायरीवर सव्वादोनशेहून जास्त. पण लोक सारखे विखुरलेले नसतात, बहुतेक जण मधे, १९०० च्या मागेपुढे दाटलेले असतात, त्यामुळे मधल्या पायऱ्यांवर याहून कितीतरी जास्त. एखाद्या कॉलेजने आपली रेषा दहा गुणांनी वर सरकवली की देशभरातले शेकडो जण एका झटक्यात रेषेखाली जातात. त्यांच्यात आणि वरच्या पायरीवरच्यांत फरक एका-दोन प्रश्नांचा, म्हणजे अर्ध्या-एक मिनिटाचा. 'गेल्या वर्षी कट-ऑफ इतका होता' या माहितीवर किती विसंबायचं ते यावरून ठरवा.

आणि वरच्या टोकाला? पहिल्या दहा टक्क्यांत आलात तर घरात पेढे वाटले जातील. पण ४१ हजारांचे दहा टक्के म्हणजे ४,१०० जण, इंग्लंडमधल्या दंतवैद्यकाच्या एकूण जागांच्या पाचपट. सुदैवाने त्यांतले बरेच जण वैद्यकाकडे जातात. नाहीतर पहिल्या दहा टक्क्यांत येऊनही पाचांतल्या चौघांना परत फिरावं लागलं असतं.

आता चार पर्याय कसे निवडायचे. माझ्या मते पदवीधर उमेदवाराच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणखी पन्नास गुणांपेक्षाही मोठी. समजा चारही ठिकाणी तुमची शक्यता प्रत्येकी २५ टक्के आहे. ही चार ठिकाणं एकमेकांपासून अगदी स्वतंत्र निर्णय घेत असतील तर कुठेतरी एक ऑफर मिळण्याची शक्यता किती? चारही ठिकाणी नकार येण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण, साधारण ३२ टक्के. उरले ६८. पंचविसाचे अडुसष्ट! पण चारही ठिकाणं यूकॅटचा तोच आकडा तसाच मोजत असतील आणि रेषाही जवळपास त्याच असतील, तर एकाने नाकारलं की चारही नाकारणार. मग चार पर्याय भरूनही तुमची शक्यता पंचवीसच राहते. खरं उत्तर २५ आणि ६८ यांच्या मधे कुठेतरी असतं, आणि कुठे ते तुमच्या निवडीवर ठरतं. चार एकसारखी कॉलेजं निवडणारा माणूस चार अर्ज भरून एकच अर्ज करत असतो. एक यूकॅटला वजन देणारं, एक पदवीला आणि ए-लेव्हलला वजन देणारं, एक इंटरव्ह्यूवर भर देणारं, अशी निवड केली की तीच गुणपत्रिका जास्त लांब पल्ला गाठते.

सोळांतून चार निवडण्याच्या रीती किती आहेत? १,८२०. भाची हा आकडा ऐकून गप्प झाली होती. मग आम्ही सोळा नावांचा तक्ता केला. एका रकान्यात ए-लेव्हलची अट, दुसऱ्यात पदवीची, तिसऱ्यात पदवीधर घेतात की नाही, चौथ्यात यूकॅटचा वापर कसा, पाचव्यात त्या प्रसंगांच्या भागात सर्वांत खालचा पट्टा आला तर थेट नकार आहे का. प्रत्येक नावापुढे तिचं स्वतःचं काय आहे ते पेन्सिलीने लिहिलं. जिथे एक जरी अट बसत नव्हती ते नाव खोडलं. ए-लेव्हलचा रसायनशास्त्राचा एक ग्रेड चार नावं घेऊन गेला. शेवटी सात उरली. सातांतून चार निवडायच्या रीती फक्त ३५. अठराशेवीस वाटांपैकी १,७८५ तिच्यासाठी मुळात नव्हत्याच, आणि अर्ज भरणाऱ्या कित्येकांच्या निवडी त्या १,७८५ मध्येच पडत असणार याची मला खात्री आहे. यूकॅटचा निकाल लगेच कळतो आणि अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा. म्हणजे गुण हातात आल्यावर तक्ता मांडायला पुरेसा अवधी मिळतो. तरीही लोक कॉलेजं आधी ठरवून ठेवतात आणि गुण कमी आले तरी बदलत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

तक्त्यात एक रकाना पैशाचाही हवा. इंग्लंडमध्ये आधीची पदवी असलेल्याला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या चार वर्षांसाठी फीचं सरकारी कर्ज मिळत नाही. २०२५-२६ ची फी ९,५३५ पौंड. चार वर्षांचे ३८,१४० पौंड घरून उभे करायचे. एका पौंडाला ११५ रुपये धरले तर सुमारे ४४ लाख. राहण्याखाण्याचं कर्ज मिळतं, पाचव्या वर्षी एनएचएसची मदत सुरू होते, पण मधली चार वर्षं ही रक्कम डोक्यावर. याउलट चार वर्षांच्या पदवीधर अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी ३,४६५ पौंड स्वतः भरायचे, उरलेल्या फीला कर्ज आणि पुढे एनएचएसचा हातभार. फरक जवळजवळ चाळीस लाख रुपयांचा. म्हणून त्या मूठभर जागांवर उड्या पडतात आणि अडीच टक्क्यांचं गणित तयार होतं. महाराष्ट्रातून थेट तिकडे जाऊ पाहणाऱ्या पदवीधराला तर यांतली कोणतीच मदत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा अगदी थोड्या, फी कैकपट, आणि पदवीधरांच्या छोट्या अभ्यासक्रमांत बहुधा स्थानिकांनाच प्रवेश.

राहिला आकड्यांवर विश्वास ठेवण्याचा प्रश्न. समजा एखाद्या कॉलेजात गेल्या वर्षी तीस पदवीधरांनी अर्ज केले आणि तिघांना ऑफर मिळाली. दहा टक्के, असं आपण म्हणू. पण संख्या इतकी लहान असली की या दहाच्या मागे खरा दर दोन टक्के असू शकतो किंवा सव्वीस टक्केही, दोन्ही संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासाच्या मर्यादेत बसतात. एका वर्षाचा आकडा पाहून कॉलेज वर्ज्य करणं किंवा त्याच्यावर भिस्त ठेवणं, दोन्ही चूक. निदान तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करून पाहावेत.

हे आकडे मिळवण्याचा रस्ताही आहे. ब्रिटनमध्ये आपल्या माहिती अधिकारासारखा २००० सालचा कायदा आहे, स्कॉटलंडला त्यांचा स्वतंत्र, आणि विद्यापीठं दोन्हींच्या कक्षेत येतात. ईमेलने विचारता येतं, पैसे पडत नाहीत. विचारायचं मात्र नेमकं: 'दंतवैद्यकाला किती अर्ज आले' असं विचारलं तर शाळेतली मुलं आणि पदवीधर एकत्र मोजलेला, काही उपयोग नसलेला आकडा येतो. पदवीधर किती, त्यांतले स्थानिक किती, इंटरव्ह्यूला किती बोलावले, ऑफर किती, बोलावलेल्यांतला यूकॅटचा सर्वांत कमी गुण किती, हे गेल्या चार वर्षांसाठी वर्षवार वेगवेगळं मागायचं. फार लहान संख्या असल्या तर ओळख उघड होईल म्हणून विद्यापीठ 'पाचपेक्षा कमी' असं लिहून पाठवतं, तेही उत्तरच आहे. कायद्याप्रमाणे कामकाजाचे २० दिवस मिळतात, म्हणजे सुट्ट्या धरून महिनाभर. जुलैच्या सुरुवातीला सोळा ठिकाणी लिहिलं तर ऑगस्टमध्ये, यूकॅटच्या तयारीच्या मधोमध, उत्तरं येऊ लागतात. भाचीच्या तक्त्यात आणखी एक रकाना त्यातूनच भरला गेला.